खोल पाहणे आणि सर्व पाहणे

टीकाकाराच्या पेटीत काही शब्द असे असतात, की ते काढून घेतले तर निम्मी टीका गळून पडेल. ‘खोली’ हा त्यांतला पहिला. अमुक कादंबरी खोल आहे, तमुक कवीच्या कवितेत खोली नाही, असे आपण सहज बोलून जातो. ऐकणारा मान डोलावतो. खोली म्हणजे काय आणि ती कशाने मोजावयाची, हे विचारण्याचा असभ्यपणा सहसा कोणी करीत नाही. साहित्याच्या बैठकीत हा प्रश्न टाळता येतो. पण माणसाच्या उद्योगाचा एक कोपरा असा आहे, की तेथे खोली हा अलंकार नसून अंक आहे. तो कोपरा म्हणजे बुद्धिबळ खेळणारी यंत्रे. किती खोल पाहावयाचे हे त्या यंत्राला आकड्यात सांगावे लागते आणि सांगण्यात गफलत झाली तर ते भर सभेत हरते. टीकाकाराला अशी शिक्षा नसते, म्हणूनच कदाचित त्याची खोली आजवर मोजली गेलेली नाही.

दिवाळी अंकाच्या वाचकांनी दचकू नये. मी येथे बुद्धिबळाचे डाव मांडणार नाही. हत्ती सरळ चालतो आणि उंट तिरका, एवढे ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचे सारे कळेल. ज्यांना तेवढेही ठाऊक नाही त्यांनी घरातल्या एखाद्या दहा वर्षांच्या मुलाला विचारावे. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी महिलांचा विश्वचषक जिंकला. तेव्हा असे मूल शोधावयास आता फार लांब जावे लागू नये. मी स्वतः शाळामास्तर आहे, कादंबऱ्या लिहितो आणि माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. यंत्रशास्त्रातला अधिकार मी सांगत नाही. मी सांगतो तो वाचकाचा अधिकार. या यंत्रांच्या विचारपद्धतीचा इतिहास मी एखाद्या वाङ्मयीन वादासारखा वाचला. त्यात दोन संप्रदाय आहेत, त्यांचे आचार्य आहेत, जय आहेत, पराजय आहेत. आणि वाद म्हटला की त्यावर निवाडा देण्याची खोड मास्तरला असतेच.

वादाचे मूळ १९५० सालच्या एका निबंधात आहे. क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने तो लिहिला. त्याचा हिशोब सरळ होता. पटावरच्या कोणत्याही साधारण स्थितीत खेळणाऱ्यापुढे सुमारे तीस कायदेशीर खेळ्या असतात. पांढऱ्याची एक आणि काळ्याची एक अशी जोडी धरली तर शक्यता हजाराच्या घरात जातात. चाळीस जोड्यांचा डाव धरला तर एकावर १२० शून्ये. सारे शेवटपर्यंत पाहून निर्णय घेणारे यंत्र कधीच तयार होणार नाही, हे यातून उघड झाले. म्हणजे कोठेतरी थांबावयाचे, थांबल्या जागी पट कसा दिसतो त्याला गुण द्यावयाचे आणि त्या गुणांवरून मागे येत येत आजची खेळी ठरवावयाची. एका बाजूच्या एका खेळीला आपण ‘पायरी’ म्हणू. मग प्रश्न उरतो तो एवढाच, की किती पायऱ्या उतरावयाच्या आणि कोणकोणत्या जिन्यांनी?

शॅननने दोन मार्ग सांगितले. पहिला मार्ग असा, की प्रत्येक खेळी, मग ती कितीही मूर्खपणाची असो, ठराविक पायऱ्यांपर्यंत तपासावयाची. दुसरा मार्ग असा, की बऱ्या दिसणाऱ्या थोड्या खेळ्या निवडावयाच्या आणि त्यांच्याच मागे खोलवर जावयाचे. पहिला सर्व पाहणारा, दुसरा निवडून पाहणारा. शॅननचा स्वतःचा ओढा दुसऱ्याकडे होता आणि कोणाही शहाण्या माणसाचा तो तिकडेच असेल. कारण उस्ताद खेळाडू काही सगळ्या खेळ्या पाहत नाही. त्याला दोनतीनच दिसतात आणि त्या योग्य असतात. लेखकाचेही तेच. शंभर वाक्ये लिहिता आली असती, त्यांतले एक तो लिहितो. निवड म्हणजेच कला, हे आपण शाळेपासून शिकत आलो आहोत.

या मताला पहिले दृश्य रूप दिले ॲलेक्स बर्नस्टाइन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी. १९५७ च्या सुमारास आयबीएमच्या ७०४ या यंत्रावर त्यांनी बुद्धिबळ बसविले. राजाला शह आहे काय, काही मारता येते काय, किल्लेकोट करता येतो काय, असे प्रश्न क्रमाने विचारून ते यंत्र सात खेळ्या निवडी आणि त्या चार पायऱ्यांपर्यंत पाही. सातांचे सात, पुन्हा सात, पुन्हा सात, मिळून २,४०१ शेवट. सगळ्या तीस खेळ्या घेतल्या असत्या तर हाच आकडा ८,१०,००० झाला असता. केवढी बचत! पण या बचतीत एक भोक होते. आठवी खेळी! डाव वाचविणारी खेळी आठवी असेल तर यंत्राच्या जगात ती नव्हतीच. ती पाहून नाकारली असे नाही, ती पाहिलीच गेली नाही.

आमच्या सामाजिक कादंबऱ्यांनाही असे ‘संभाव्य सात’ असतात. नायक शहरात जाईल, गावची जमीन गहाण पडेल, थोरला भाऊ वेगळा होईल, धाकटीचे लग्न मोडेल. मोजून पाहा, सातांच्या पुढे क्वचितच जातील. लेखक त्यांतून निवड करतो आणि आपण निवड केली याचा त्याला अभिमान असतो. वस्तुतः निवड त्याच्या आधी होऊन गेलेली असते. ती सवयीने केलेली असते.

दोन संप्रदायांची समोरासमोर गाठ पडली ती १९६६-६७ साली. एका बाजूस अमेरिकेतील स्टॅनफर्ड, दुसऱ्या बाजूस मॉस्कोची एक संशोधन संस्था. तारेने खेळ्या पाठवून चार डाव झाले. अमेरिकन यंत्र निवडून पाहणारे, रशियन यंत्र सर्व पाहणारे. रशियनांनी दोन डाव तीन पायऱ्यांच्या मर्यादेने खेळविले, ते बरोबरीत सुटले. दोन डाव पाच पायऱ्यांच्या मर्यादेने खेळविले, ते त्यांनी जिंकले. निकाल तीन विरुद्ध एक. हुशार निवडीचा भोळ्या परिश्रमाने केलेला हा पराभव होता आणि त्याबरोबर दोन पायऱ्यांनी किती फरक पडतो याचाही तो दाखला होता. पुढे केन टॉम्पसन यांनी आपल्या ‘बेल’ या यंत्राला त्याच यंत्राच्या कमी पाहणाऱ्या आवृत्तीशी खेळवून पाहिले. बाकी सारे सारखे, फक्त एक पायरी जास्त. जास्त पाहणारा बहुतेक डाव नेई.

पण सर्व पाहावयाचे तर आठ लाखांचा हिशोब परवडतो कसा? येथे या इतिहासातली सर्वांत देखणी कल्पना येते. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती निरनिराळ्या लोकांना सुचली आणि १९७५ मध्ये डोनाल्ड कनूथ व रोनाल्ड मूर यांनी तिचे गणित नीट मांडले. तिचे इंग्रजी नाव ‘अल्फा-बीटा’. नाव भारदस्त असले तरी गोष्ट घरगुती आहे. असे समजा, की फराळाचे तीन डबे आहेत. डबा तुम्ही निवडावयाचा, पण डब्यातून पदार्थ काढून तुमच्या ताटात वाढणार तुमचा खोडकर भाचा आणि तो मुद्दाम सर्वांत वाईट तेच वाढणार. पहिला डबा तुम्ही पुरता तपासला. लाडू आहे, करंजी आहे, एक मोडकी चकली आहे. म्हणजे या डब्यातून मोडकी चकली नक्की. आता दुसरा डबा उघडला आणि पहिल्यानेच हाताला लागले खवट शंकरपाळे. झाले! त्या डब्यात खाली चिरोटे असोत की अनारसे असोत, भाचा ते तुम्हांला देणार नाही. झाकण लावा आणि तिसरा डबा घ्या. दुसऱ्या डब्यातले बाकीचे पदार्थ तुम्ही पाहिले नाहीत आणि तरीही तुमचे रतिभर नुकसान झाले नाही.

या युक्तीचे महत्त्व नीट ध्यानात घ्यावे. बर्नस्टाइनचे यंत्रही वगळत होते आणि हेही वगळते. पण ते वगळणे मत होते. हे वगळणे सिद्ध आहे. चार पायऱ्यांच्या आठ लाख दहा हजार शेवटांऐवजी उत्तम परिस्थितीत फक्त १,७९९ शेवट पाहून हे यंत्र तेच उत्तर काढते. सर्व पाहिल्याचे पुण्य आणि थोडे पाहिल्याचे श्रम! मात्र ‘उत्तम परिस्थिती’ म्हणजे चांगला डबा आधी हाती येणे. वाईट डबा आधी उघडला, किंवा खवट शंकरपाळे तळाशी लपलेले असले, तर सगळे उपसत बसावे लागते. म्हणजे क्रम महत्त्वाचा. आणि चांगले कोणते हे आधीच ठाऊक असते तर शोधावयाचे कशाला?

या कोड्याचे उत्तर वाचून माझ्यातला मास्तर सुखावला. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील डेव्हिड स्लेट आणि लॅरी ॲटकिन यांनी १९७३ मध्ये आपल्या यंत्रातली जुनी निवडपद्धती टाकून दिली आणि ते सर्व पाहण्याकडे वळले. त्यांच्या यंत्राने वापरलेली आणि पुढे सर्वत्र रूढ झालेली रीत अशी: एकदम आठ पायऱ्या उतरू नयेत. आधी एक पायरी पाहावी, मग पुन्हा पहिल्यापासून दोन, मग पुन्हा पहिल्यापासून तीन. प्रत्येक खेपेस जी खेळी चांगली दिसली ती पुढच्या खेपेस आधी तपासावी. वरवर पाहता हा शुद्ध वेळेचा अपव्यय. परंतु प्रत्येक नवी पायरी आधीच्या सगळ्या पायऱ्यांच्या एकत्र खर्चापेक्षा कितीतरी महाग असते. म्हणून त्या उजळण्या जवळजवळ फुकट पडतात आणि त्यांनी लावलेल्या क्रमामुळे शेवटची महाग पायरी स्वस्त होते. घोकंपट्टीवर आणि उजळणीवर नाके मुरडणाऱ्यांनी हा हिशोब जरूर पाहावा. चांगले पुस्तक दहा वर्षांनी पुन्हा वाचणारा वाचक याहून वेगळे काय करतो? पहिल्या वाचनात त्याने खोली गाठलेली नसते. कोठे खोल जावयाचे एवढे त्याला कळलेले असते.

आता या संप्रदायाच्या दोषाकडे वळू, कारण नुसती स्तुती म्हणजे टीका नव्हे. ठराविक पायरीवर थांबावयाचे म्हटले, की त्या पायरीपलीकडे जे आहे ते नाहीच असे मानावे लागते. हान्स बर्लिनर यांनी १९७३ मध्ये या व्याधीला ‘क्षितिजाचा परिणाम’ असे नाव दिले. समजा, यंत्राचा उंट कोपऱ्यात अडकला आहे आणि सहाव्या पायरीवर तो जाणार हे यंत्राला दिसते. ते मध्येच एक प्यादे पुढे फेकते. प्रतिपक्षाला ते मारणे भाग असते. त्यात दोन पायऱ्या खर्च होतात आणि उंटाचे मरण आठव्या पायरीवर, म्हणजे नजरेच्या पलीकडे जाते. यंत्र समजते, उंट वाचला! पुढल्या वेळी मरण पुन्हा सहाव्या पायरीवर दिसते, की आणखी एक प्यादे. शेवटी प्यादी जातात, आणि उंटही जातो. सावकार दारात आला, की घरातले एकेक भांडे देऊन त्याला ‘पुढल्या महिन्यात या’ म्हणणाऱ्या गृहस्थाची ही गोष्ट आहे. कर्ज तेवढेच राहिले, स्वयंपाकघर रिकामे झाले.

यावर उपाय एकच: मध्येच थांबावयाचे नाही. मारामारी चालू असेल तर ती मिटेपर्यंत पुढे जावयाचे आणि पट शांत झाला की मगच गुण द्यावयाचे. ॲलन ट्युरिंगला हे फार आधी उमगले होते. त्याने आपले नियम कागदावर मांडले, हाताने हिशोब करीत १९५२ मध्ये ॲलिक ग्लेनी या सहकाऱ्याशी एक डाव खेळला आणि तो एकोणतिसाव्या खेळीला हरला. पण शांत स्थिती येईपर्यंत थांबू नये, हे तत्त्व त्या हरलेल्या कागदी यंत्रातही होते. कोणत्या पायरीवर थांबलात यापेक्षा कशा जागी थांबलात, याला महत्त्व आहे. कितीएक कादंबऱ्या मारामारीच्या मध्येच संपतात आणि त्याला आपण सूचक शेवट म्हणतो!

या इतिहासातला जो एक डाव मला टीकेचा पाठ म्हणून वर्गात शिकवावासा वाटतो, तो १९७७ मध्ये टोरोंटो येथे झाला. यंत्रांची जागतिक स्पर्धा होती. मॉस्कोची ‘काइसा’ त्यात होती. १९७४ च्या पहिल्या स्पर्धेत स्टॉकहोमला तिने सगळे डाव जिंकले होते. पुढे ज्याने शाकुंतल इंग्रजीत नेले त्या विल्यम जोन्सच्या एका कवितेतील बुद्धिबळदेवतेचे हे नाव. तिचा सामना पडला ड्यूक विद्यापीठाच्या ‘डचेस’शी. चौतिसाव्या खेळीला डचेसच्या वजिराने कोपऱ्यातून शह दिला. राजा एक घर बाजूला सरकला असता तर झाले असते, असे सगळ्यांना दिसत होते. काइसाने तसे केले नाही. तिने आपला हत्ती मध्ये घातला, आणि तो फुकट गेला.

सभागृहात मोठमोठे जाणकार होते. माजी जगज्जेते मिखाईल बोत्विनिक स्वतः हजर होते. सर्वांनी एकच निदान केले: यंत्र बिघडले, किंवा हीच ती क्षितिजाची व्याधी. डाव काइसा यथावकाश हरली. नंतर तिच्या निर्मात्यांनी तिला तोच पट देऊन विचारले, राजा का हलविला नाहीस? तिने उत्तर काढून दाखविले. राजा सरकला असता तर डचेसने आपला वजीरच राजाच्या जबड्यात दिला असता. राजाला तो खाणे भाग होते. मग उंटाचा शह, मग हत्तीचा शह आणि काही खेळ्यांत मात! हे जगज्जेत्याला दिसले नव्हते. काइसाला दिसले होते, म्हणून तिने मात टाळण्यासाठी हत्ती दिला.

हा प्रसंग मी अनेकदा मनात घोळवला आहे. अडकलेल्या उंटापायी प्यादी फेकणारे आंधळे यंत्र आणि मात टाळण्यासाठी हत्ती देणारी डोळस काइसा, या दोघांची कृती बाहेरून अगदी सारखी दिसते. दोघेही मोहरा फुकट देतात. एकाची कृती अपुऱ्या दृष्टीची आहे, दुसरीची अपुऱ्या दृष्टीच्या लोकांना न कळणारी आहे. नुसत्या खेळीकडे पाहून हा भेद सांगता येत नाही. खेळीमागचा जिना उतरून पाहावा लागतो. टीकाकाराने लक्षात ठेवावे असे याहून काय असू शकेल? लेखकाने कथेच्या मध्येच एखादे चांगले पात्र मारले, की आपण म्हणतो, याला ते सांभाळता आले नाही. तसे असेलही. पण त्या पात्राला जिवंत ठेवले असते तर पुढे काय झाले असते, हे चार पायऱ्या उतरून पाहिल्यावाचून तसे म्हणण्याचा हक्क आपल्याला नाही.

काइसावर माझा एक आक्षेप मात्र राहतोच. ती मात सापडावयास कठीण होती. जगज्जेत्याला दिसली नाही, ती डचेसला दिसेलच कशावरून? माणूस असता तर त्याने राजा हलविला असता आणि देवाचे नाव घेतले असते. कारण हत्ती दिल्यावर पराभव निश्चित होता. राजा हलविण्यात मात होती, पण आशाही होती. सर्व पाहणारी यंत्रे एक गोष्ट गृहीत धरतात: मला जे दिसते ते प्रतिपक्षालाही दिसते. हे गृहीतक उदार आहे, सुरक्षित आहे आणि बहुतेक वेळा बरोबरही आहे. पण समोरचा कोण आहे हा प्रश्न त्यात बसत नाही. खोली तेथे आहे, ओळख नाही. कादंबरीकाराचा सारा धंदा या ओळखीवर चालतो.

बोत्विनिक हे शिक्षणाने विद्युत-अभियंते. माणसासारखे थोडे आणि नेमके पाहणारे यंत्र करावे, या ध्यासात त्यांनी कित्येक वर्षे घालविली. त्यांची ‘पायोनियर’ कधी जागतिक स्पर्धेत उतरून विजयी झाली नाही. उलट सर्व पाहणाऱ्यांची सरशी होत गेली आणि मे १९९७ मध्ये आयबीएमच्या ‘डीप ब्लू’ने जगज्जेत्या गॅरी कास्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीच असे हरविले. सेकंदाला सुमारे वीस कोटी स्थिती पाहणारे ते यंत्र होते. वाद संपला, असे जगाने मानले.

वाद संपला नव्हता. जिंकणाऱ्यांच्याच घरात निवड मागल्या दाराने परत आली होती. डीप ब्लूच्या पूर्वज-यंत्रावर काम करणाऱ्या अनंतरामन, कॅम्पबेल आणि श्यू यांनी १९८८ मध्येच असे सुचविले होते, की ज्या ठिकाणी एकच खेळी बाकी सर्वांपेक्षा ठळक चांगली दिसते, तेथे नेमापेक्षा जास्त खोल जावे. १९९० च्या दशकात दुसरी एक युक्ती सर्रास झाली: आपली पाळी मुद्दाम सोडून पाहावयाची. प्रतिपक्षाला लागोपाठ दोन खेळ्या देऊनही आपली स्थिती भक्कम राहत असेल, तर हा जिना पुढे उतरण्याची गरज नाही. ही युक्ती फसते ती फक्त अशा स्थितीत, की जेथे हलावे लागणे हीच आपत्ती असते. गप्प राहता आले असते तर जो वाचला असता, पण ज्याला बोलावेच लागते, असा माणूस कादंबरीत फार भेटतो. पटावर तो क्वचित भेटतो, म्हणून युक्ती चालते.

आणि मग आली ती रीत, जिच्यामुळे मला हा लेख लिहावासा वाटला. साधारण २००५ नंतर जवळजवळ सर्व यंत्रे ती वापरू लागली. खेळ्यांचा क्रम लावल्यावर पहिल्या काही खेळ्या पूर्ण खोलीपर्यंत पाहावयाच्या. मागच्या खेळ्या वगळावयाच्या नाहीत. त्याही पाहावयाच्या, पण कमी खोल. मात्र त्यांतली एखादी अपेक्षेपेक्षा चांगले उत्तर देऊ लागली, तर तेथेच थांबून तिला पुन्हा पूर्ण खोलीने तपासावयाचे.

साठ मुलांचा वर्ग ज्याने चालविला आहे त्याला हे वाक्य दोनदा वाचावेसे वाटेल. तासाची मिनिटे मोजकी असतात. सगळ्यांना सारखे पाहणारा मास्तर पुस्तक पुरे करू शकत नाही. पहिल्या बाकावरच्या सात जणांनाच प्रश्न विचारणारा मास्तर पुस्तक पुरे करतो, पण आठवा मुलगा त्याच्या जगात नसतो. तिसरा मार्ग हाच, की मागच्या बाकावरही नजर फिरली पाहिजे, आणि तेथून अनपेक्षित उत्तर आले तर ‘चुकून बरोबर आले असेल’ असे न म्हणता त्याला पुन्हा, पूर्ण लक्षाने विचारले पाहिजे. शेवटच्या बाकावरच्या उत्तराला दुसरी संधी देणे ही दया नव्हे. तो हिशोब आहे. सर्वांत बलवान यंत्रे आज त्याच हिशोबावर जिंकतात.

डिसेंबर २०१७ मध्ये ‘अल्फाझिरो’ पुढे आले. त्याला फक्त नियम सांगितले होते. बाकी ते स्वतःशी खेळून शिकले. ‘स्टॉकफिश’ या नामांकित यंत्राशी शंभर डाव झाले. अल्फाझिरोने अठ्ठावीस जिंकले आणि उरलेले बरोबरीत सुटले. सामन्याच्या अटींवर टीका झाली, ती रास्तही होती. पण एक गोष्ट टिकून राहिली. स्टॉकफिश सेकंदाला सात कोटी स्थिती पाही, अल्फाझिरो ऐंशी हजार. थांबल्या जागी गुण देणारी नजर चांगली असली, तर थोड्या पाहण्यातही भागते, हे दिसून आले. २०२० मध्ये स्टॉकफिशनेही शिकून तयार झालेली तशी नजर स्वीकारली, आणि आपले वेगवान पाहणेही सोडले नाही.

तात्पर्य काय? घराघरांतल्या फोनवर आज ही यंत्रे आहेत. मुले डाव खेळून झाला, की फोनला विचारतात, आणि पडद्यावर ‘खोली ३०’ असे दिसले की वाद मिटतो. त्या आकड्याला मी टीकाकार म्हणून हरकत घेतो. तीस पायऱ्यांपर्यंत सर्व काही पाहावयाचे तर तो आकडा एकावर ४४ शून्यांहून मोठा होतो. कोणतेही यंत्र ते करीत नाही. ‘खोली ३०’ याचा अर्थ मुख्य जिना सुमारे तीस पायऱ्या उतरलो, पुष्कळसे जिने फार आधी सोडले, आणि एखाद्या ठिकाणी तिसाच्याही खाली गेलो. खोली हा तेथेही शेवटी निवडीचाच हिशोब आहे. यंत्राचे उत्तर बहुधा आपल्यापेक्षा बरोबर असते, यात शंका नाही. पण ‘का?’ याचे उत्तर ते जिन्याच्या रूपात देते, वाक्याच्या रूपात देत नाही. ते वाक्य मुलाने स्वतः बनवावे, एवढा आग्रह मास्तरने धरला पाहिजे. हत्ती का दिला, हे ज्याला आपल्या शब्दांत सांगता येत नाही, त्याने हत्ती दिला नाही. त्याच्याकडून तो देवविला गेला.

दोन्ही संप्रदायांना मी अर्धे अर्धे गुण देतो. निवडणाऱ्यांचे हे बरोबर होते, की निवडीशिवाय खोली नाही. चुकले ते एवढेच, की त्यांनी पाहण्याआधी निवडले. सर्व पाहणाऱ्यांचे हे बरोबर होते, की न पाहता काही टाकू नये. कमी पडले ते एवढेच, की सर्वांकडे सारखेच पाहणे म्हणजे न्याय, असे त्यांना पुष्कळ दिवस वाटले. वगळण्याचा अधिकार जन्माने येत नाही आणि प्रतिभेनेही येत नाही. तो पाहिल्याने मिळतो, आणि टाकलेल्याकडे पुन्हा वळून पाहण्याची तयारी असेल तोवरच टिकतो. पटाला हे कळावयास सुमारे पन्नास वर्षे लागली. यापुढे कोणी एखाद्या पुस्तकाला खोल म्हटले, तर त्याला एवढेच विचारावे: लेखकाने काय काय पाहून मग टाकले आहे?